मला काही होत नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. देवापुढे उभी राहिले तरी दुसरंच काहीतरी पुटपुटून परत यायचे — त्याला ठाऊक आहेच, मग आपण कशाला तोंड उघडायचं, अशी माझी पळवाट. तुम्ही समोर बसला आहात असं धरून चालते. मध्येच थांबले तर उठून जाऊ नका. मला सरळ रस्त्याने यायची सवय राहिलेली नाही.

आमच्या पेठेत माझं नाव निघतं ते खंबीर बाई म्हणून. कुणाकडे मयत झालं, कुणाची सून रुसून बसली, की 'थोरलीला बोलवा' म्हणतात. थोरली म्हणजे मी, थोरली सून. मी जाते, पदर खोचते, रडणाऱ्यांना पाणी पाजते, चहा टाकते. माझ्या डोळ्यांत कुणी पाणी पाहिलेलं नाही. पण त्या घरातून परत आले की दोन-दोन दिवस अन्न जात नाही मला. पित्त झालंय म्हणते. इतक्या वर्षांत माझं पित्त किती खवळलं म्हणून सांगू! वैद्य थकले, मी नाही थकले.

खरं काय ते ऐका. मी जन्माची हुळहुळी आहे. जेऊरच्या पुढे आमची वस्ती होती — चार घरं, विहीर, कडब्याच्या गंज्या. रेल्वेची शिट्टी ऐकू यायची तीसुद्धा लांबून, वाऱ्यावर. इतकी शांत जागा, पण मला तिथेही सगळं लागायचं. परकराची शिवण टोचायची म्हणून मी तो उलटा नेसून शाळेत गेले होते. आबा, म्हणजे माझे वडील, गड्यावर ओरडले तरी माझ्या हातातला घास खाली पडायचा. शेजारच्या घरात नवरा-बायको धुसफुसत असले तर मला इकडे कळायचं, आणि पोटात गोळा यायचा. माझा काय संबंध? काही नाही. पण यायचा.

लोक हसायचे. 'हिला कापसात गुंडाळून ठेवा', 'राजाच्या पोटी जायची ती चुकून हितं आली' — असली वाक्यं मी इतकी ऐकली की कुणी म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकायचे, म्हणजे कमी लागतं. आबा माझ्यासमोर मुद्दाम पत्र्याचा डबा आपटायचे, सवय लागावी म्हणून. माणूस वाईट नव्हता. पोरीचं पुढे कसं होणार या काळजीने आपटायचा. आई मात्र हसायची नाही. न्हाऊ घालताना एकदा हळू आवाजात म्हणाली, "पोरी, हे हितंच ठिव. सासरी दावलंस तर नांदू द्यायचे न्हाईत तुला."

मी ते गाठीला बांधलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या वस्तीवर माझ्यासारखं आणखी एक माणूस होतं. माझी चुलत बहीण मंदा — काकांची धाकटी. माझ्याहून बरीच लहान, माझ्याच कडेवर वाढलेली. बेंदराला बैलांची मिरवणूक निघाली, हलगी घुमायला लागली, की पोरं पुढे पळायची आणि ही माझ्या मानेत तोंड खुपसायची. मी तिला घेऊन गंजीमागे जाऊन बसायचे. एकदा तिने विचारलं, अक्का, मलाच का असं होतं गं? आणि मी तिला सांगितलं. म्हटलं, तुला एकटीला नाही, मलापण होतं. आवाज झाला की छातीत काहीतरी तुटल्यासारखं होतं ना? मलापण तसंच. तेव्हा ती इतकी सुटल्यासारखी हसली! आपण एकटे नाही हे कळल्यावर माणूस कसं हसतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. आयुष्यात ही गोष्ट मी एकाच माणसाला सांगितली होती, आणि ते माणूस पाच-सहा वर्षांचं होतं.

मग माझं लग्न झालं, आणि मी सोलापुरात आले — मागाच्या घरात.

मागाचं घर म्हणजे काय, ते माहीत नसेल तर सांगायला हवं. पुढच्या मोठ्या खोलीत चार यंत्रमाग. चादरी निघायच्या. मागे दोन खोल्या, त्यात आम्ही सगळे, आणि त्याच्या मागे चारी बाजूंनी भिंत घातलेलं बोळाएवढं परसू. घराला दार एकच, तेही मागांच्या खोलीतून. म्हणजे बाहेर जायचं तर त्या आवाजातून, आत यायचं तर त्या आवाजातून. आणि आवाज तरी कसला? आडवं सूत नेणारा लाकडी धोटा इकडून तिकडे फेकला जातो, आदळतो, परत फेकला जातो — चार मागांचे चार धोटे, प्रत्येकाचा ताल निराळा. भिंतीला हात लावला तर भिंत थरथरायची. फळीवरची पातेली आपोआप सरकायची, ती मी रोज संध्याकाळी मागे ढकलायचे. घरातले सगळे मोठ्यांदा बोलायचे, नाहीतर हातवारे करायचे. सासरे भाकरी मागायचे ती दोन बोटं दाखवून.

पहिल्या दिवशी सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते — खेड्यातली पोर, माग सुरू झाल्यावर कशी दचकते बघू. मी दचकले नाही. पायाची बोटं जमिनीत रुतवली, दात आवळले आणि हसले. सासूबाईंनी — त्यांना मी अत्याबाई म्हणायचे — माझ्या पाठीवर थाप मारली. "ही तर मागाच्या घरातच जन्मल्यागत हाय की!" संध्याकाळपर्यंत ते वाक्य गल्लीभर झालं. मला आयुष्यात प्रथमच कुणी मजबूत म्हणालं होतं. तुम्हाला नाही कळायचं काय वाटलं ते. जिला जन्मभर रडूबाई म्हटलं तिला कुणी मजबूत म्हटलं तर ती त्या शब्दासाठी काय करणार नाही?

मी सुताच्या कचऱ्यातला पुंजका घ्यायचे, तेलात बुडवायचे, कानात कोंबायचे. वरून पदर. ह्यांनी एकदा पाहिलं तर म्हटलं, कान ठणकतो. कान माझा वर्षानुवर्षे ठणकत होता. आवाज थोडा कमी व्हायचा, पण आवाज काय कानानेच ऐकतो आपण? तो पायातून यायचा. परसात जाऊन हौदाच्या गार भिंतीला कपाळ टेकून उभी राहायचे, कुणी आलं की भांडी घासायला बसायचे. धड बोलता येत नाही, धड रडता येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त तोंड माझं मीच दाबून धरलेलं.

आठवड्यातून एक दिवस पेठेतली वीज बंद असायची. लाईटची सुट्टी म्हणायचे त्या वाराला. त्या दिवशी माग थांबायचे. गंमत अशी, की घरातल्या बाकीच्यांना त्या दिवशी चैन पडायचं नाही. अत्याबाईंचं डोकं दुखायचं, माझा थोरला तान्हा असताना त्या शांततेत दचकून उठायचा आणि रडायचा. मी मात्र त्या दिवशी जिवंत व्हायचे. भाकरी थापताना तिचा आवाज ऐकू यायचा मला. पण चेहरा मी तसाच ठेवायचे, नाहीतर कुणाच्या लक्षात आलं असतं.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी धाकट्या दिरासाठी मुली बघायला सुरुवात झाली. वसंता त्याचं नाव. मऊ स्वभावाचा, कमी बोलणारा. आणि मी — मीच मंदाचं नाव काढलं.

का काढलं? तेव्हा म्हटलं होतं, चांगली मुलगी आहे, माहितीतली आहे. ते खोटं नव्हतं. पण पोटात दुसरंच होतं. मला कुणीतरी हवं होतं. या घरात माझ्यासारखं एक माणूस यावं, परसात दोघींनी हौदाला टेकून उभं राहावं, नुसतं एकमेकींकडे बघितलं तरी पुरे. ती पोर इथे येऊन कशी जगेल, याचा विचार माझ्या मनात आला नाही असं म्हणू? आला होता. मी तो ढकलून दिला, फळीवरच्या पातेल्यासारखा.

काका घर बघायला आले ते लाईटच्या सुट्टीच्या वारी. यात कुणाची लबाडी नव्हती हो. आमच्या पेठेत सोयरीक त्याच वारी जुळते, कारण एरवी समोरच्याचं बोलणं ऐकूच येत नाही. सगळेच तसं करतात. पण पेठेतल्या पाहुण्यांना माग चालू झाल्यावर काय होतं ते ठाऊक असतं. काका वस्तीवरचे. त्यांनी थांबलेले चार माग पाहिले, चादरींच्या घड्या पाहिल्या, भिंतीवरून हात फिरवला. "घर लई शांत हाय," म्हणाले. "आमची मंदी जरा भित्री हाय, तिला असंच घर पायजे हुतं." मी चहाच्या कपबश्या घेऊन दारात उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं — काका, उद्या परत या. ते वाक्य मी बोलले नाही. बश्या ठेवल्या आणि आत गेले.

हा माझा गुन्हा नव्हे. म्हणजे आहे, पण कबूल करायला बसले तो हा नाही. अजून थोडं पुढे आहे.

मंदा नांदायला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी माग सुरू झाले तेव्हा ती ताट घेऊन चालली होती. ताट पडलं. ती खाली बसली, दोन्ही कान धरून, गुडघ्यांत डोकं घालून. सगळे हसले, आधी प्रेमानेच हसले. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्याही. मग हसू आटलं. "कशाला रडायलीस? मारलं का कुणी तुला?" अत्याबाई विचारायच्या. मंदा म्हणायची, नाही. "मग काय झालं?" आवाज होतो. "आवाज तर हुणारच की! देऊळ हाय का हे?" तिला जेवण जाईना. उलट्या व्हायला लागल्या, तेव्हा घरात आनंद झाला, आणि तसं काही नाही कळल्यावर राग दुप्पट झाला. डॉक्टरांनी अशक्तपणा सांगून ताकदीचं औषध दिलं. अत्याबाईंनी लिंबू उतरवून टाकलं. गल्लीतल्या बायका दारातून डोकावून जायच्या, थोरलीची नाटकी जाऊ कुठली ती बघायला. आणि प्रत्येक जण तिला एकच सांगायचा — "थोरलीकडं बग जरा. ती बी तुझ्याच गावची हाय न्हवं?"

मग मी काय करायचे? मी पाठ आणखी ताठ करायचे.

तिला मी जवळ घ्यायचे, नाही असं नाही. परसात तिचं डोकं दाबून द्यायचे. पण कानातल्या पुंजक्याचं तिला सांगितलं नाही. ती युक्तीसुद्धा दिली नाही मी तिला. का? तिने कान बुजवले असते तर कुणाला दिसलं असतं, मग माझ्या पदराखाली कुणी पाहिलं असतं. एवढंच. एवढ्याशा भीतीपायी.

वसंता मात्र बायकोचा माणूस निघाला. मला वाटलं नव्हतं. त्याने तळ्याच्या अंगाला एक खोली बघितली, शांत बोळात. तिथे राहायचं आणि दिवसा मागावर कामाला यायचं, असं त्याने ठरवलं. पण बापाच्या शब्दाबाहेर जाणारा तो नव्हता. त्याने मंदाच्या वडिलांना बोलावून घेतलं आणि एका लाईटच्या सुट्टीला मधल्या खोलीत सगळे बसले. आवाजाबद्दल बोलायला आवाज नसलेला दिवस!

वसंता खाली मान घालून बोलला. अत्याबाई कडाडल्या, "सून येगळी ऱ्हायली तर पेठ काय म्हनंल? आमी छळतो म्हनंल!" काका नुसते टोपी चाचपत राहिले. सासरे — त्यांना मी मामंजी म्हणायचे — सुपारी कातरत सगळ्यांचं ऐकत होते. हातमागापासून सुरुवात करून एकेक यंत्रमाग उभा केलेला माणूस तो. तापट होता, पण अन्याय करणारा नव्हता. शेवटी म्हणाले, "आवाज हाय, न्हाई कोन म्हनतंय? पन आवाजानं मानूस आजारी पडतंय हे मला ठावं न्हाई. थोरलीला विचारू. ती बी त्याच वस्तीवरनं आली. तिला काय होत असंल तर पोरगी खरी. मग जाऊ द्या त्यांना. थोरली खोटं बोलायची न्हाई."

बघा, किती सोपं होतं. कुणी अडवलं नव्हतं मला. कुणी धमकावलं नव्हतं. न्याय माझ्या हातात आणून ठेवला होता त्यांनी.

स्वयंपाकघराच्या दारातून मंदा म्हणाली — त्या घरात ती मोठ्याने बोललेली मी प्रथमच ऐकली — "अक्कालाबी होतंय. तिनंच सांगितलंय मला. सांग की, अक्का."

मी शेंगा सोलत बसले होते. सगळे माझ्याकडे बघत होते. मी हसले. हसले हो — नुसतं खोटं बोलले असते तरी चाललं असतं, पण मी हसून बोलले. "मला? मला काय होतंय? उलट माग बंद असला की झोप लागत न्हाई मला."

मामंजींनी मांडीवर थाप मारली. सगळे हसले, काकासुद्धा. सुटल्यासारखे हसले ते — चला, पोरीला काही झालेलं नाही, नुसते नखरे आहेत. वसंताने एकदा बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्या खोलीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

तुम्हाला वाटेल, भीतीने खोटं बोलले. इतकी वर्षं मी स्वतःलासुद्धा तेवढंच सांगत होते. आईने बजावलं होतं, नांदू देणार नाहीत; खंबीर थोरलीचं नाव गेलं असतं; भित्री होते, भ्याले. भ्यालेल्या माणसाला कुणीही माफ करतं, नाही का? पण तुम्हाला खोटं सांगायला मी बसलेले नाही. मी भ्याले नव्हते. त्या क्षणी मला ती खोली दिसली — तळ्याच्या अंगाची. मंदा सकाळी उठते आहे, चूल पेटवते आहे, आणि तिला लाकडाचा आवाज ऐकू येतो आहे. रोज. आठवड्याचे सगळे दिवस. आणि मी इथे. ती सुटणार आणि मी राहणार. मी इतकी वर्षं दात आवळून काढली, आणि ही चार महिने रडली की हिला बक्षीस? माझ्या जिभेवर आलं ते तिथून आलं. असूया म्हणतात ती हीच. मी तिला माझ्याजवळ ठेवून घेतलं, त्या एका दाराच्या घरात.

आणि तरी हे सगळं नाही. संध्याकाळी ती परसात आली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती रागावलेली नव्हती. ती गोंधळून गेली होती. तिने मला विचारलं, अगदी हळू, "अक्का, गंजीमागं तू म्हनली हुतीस न्हवं, तुलाबी होतंय म्हनून?"

तिथे कुणी नव्हतं. मामंजी नव्हते, पेठ नव्हती. आम्ही दोघीच. तिथे मी खरं बोलू शकत होते, तिला घट्ट धरून माफी मागू शकत होते. मी म्हटलं, "तू रडत हुतीस. तुझी समजूत घालायला म्हनले असंन काहीतरी."

तिने हौदाच्या काठावरची घागर उचलली. मग म्हणाली, "व्हय, तसंच असंल." आणि आत गेली.

कबूल करायचं होतं ते हे. तिच्याजवळ एक खरी गोष्ट होती, आणि ती मीच तिला दिली होती, की ती एकटी नाही. ती मी परत काढून घेतली. त्या दिवसापासून तिलाही वाटायला लागलं की ती नाटकं करते.

पुढे मामंजींनीच उपाय काढला. आवाजाची भीती आवाजाजवळच बसून जाते म्हणाले. मंदाला मागांच्या खोलीत, अगदी मागाला लागून, कांड्या भरायला बसवलं. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या — ते काम आम्ही बायका आतल्या खोलीत बसून करायचो, तिला तिथे बसवलं. पहिले काही दिवस तिच्या हातून सूत सारखं तुटायचं. ते मी आतून पाहायचे. मग हळूहळू तुटायचं थांबलं. ती जेवायला लागली. मोठ्याने बोलायला लागली. वर्षभरात ती दोन बोटं दाखवून भाकरी मागायला शिकली. "बगा, झाली का न्हाई बरी?" अत्याबाई गल्लीभर सांगत सुटल्या, आणि वर म्हणाल्या, थोरलीमुळे झालं, थोरली खरं बोलली म्हणून.

मंदा बरी झाली म्हणजे काय झालं ते मीच जाणते. पूर्वी मी नुसतं गप्प बसले तरी तिला कळायचं. आता मी चुलीपुढे डोळे पुसले तरी ती कांड्यांची टोपली माझ्या पुढ्यात आदळायची आणि निघून जायची. थोडं कमी ऐकू यायलाही लागलं होतं तिला. हाक मारली तर दुसऱ्यांदा मारावी लागायची.

तिला मुलगी झाली. छबी. माग चालू असताना जन्मलेली, मागांच्या खोलीशेजारी पाळण्यात वाढलेली, तेव्हा हिला काही त्रास होणार नाही असं सगळ्यांनी धरलेलं. चालायला लागली तशी ती नाहीशी व्हायला लागली. शोधलं की मोरीत सापडायची, नाहीतर पलंगाखाली, कानांवर हात ठेवून. रडायची नाही. नुसती बसायची.

एका सकाळी मंदाने तिला मोरीतून ओढून काढलं. मंदाचे हात सुताने भरलेले, मागावर काम खोळंबलेलं. ती माझ्याकडे बघून हसत म्हणाली, "अक्का, पोरगी लई नाटकी निघाली बग. कुनावर गेली काय की! घे की तिला, बसीव मागापशी. माझं भ्या बी तसंच गेलं न्हवं?"

टोमणा नव्हता तो. मी तिचा चेहरा नीट पाहिला. ती मनापासून बोलत होती. माझ्यावर विश्वास ठेवून बोलत होती.

मी छबीला उचललं. मागांच्या खोलीचा उंबरा ओलांडला तेव्हा ती माझ्या अंगाला चिकटली, तिचं काळीज माझ्या छातीवर धडधडताना मला कळत होतं. माझंही धडधडत होतं. तेही तिला कळलं असणार, कारण तिने मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग तिने स्वतःच्या कानांवरचे हात काढले आणि माझ्या कानांवर ठेवले.

मी ते हात काढले. तिला मागाशेजारी कांड्यांच्या टोपलीजवळ बसवलं, आणि आत येऊन भाकरी टाकली.